आधी लाल दाखव

पहिल्या भेटीत प्रज्ञाअक्कानं मला माझं नावसुद्धा विचारलं नाही. शेजारची खुर्ची ओढून बसली, कीबोर्ड स्वतःकडे घेतला आणि मी चार दिवस खपून केलेल्या फॉर्मवर आपल्या आईचं नाव टाकलं. गयाबाई. आडनावाची चौकट रिकामी सोडून तिनं बटण दाबलं. फॉर्मनं लाल अक्षरांत आडनाव मागितलं.

"आडनाव न्हाई," ती स्क्रीनला म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "माझ्या आईच्या आधार कार्डावर नुसतं गयाबाई हाय. तिनं काय करावं? दवाखान्यातून परत जावं?"

मी पुण्यात दोन वर्षं नोकरी करून नुकताच बिदरला परतलो होतो. अंगात थोडी हवा होती. "अशी आडनाव नसलेली माणसं असून असून किती असणार?" असं काहीतरी मी बोललो.

"आमच्या ठाणाकुशनूरला चल, मोजून दावते."

मी आडनावाची सक्ती काढली. तिनं नाव कानडीत लिहून बघितलं, मग उर्दूत, मग नावाच्या आधी चार वेळा स्पेसबार दाबून. शेवटी अपॉइंटमेंटचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं आणि यादी उघडून दाखवली. गयाबाईंच्या पाच अपॉइंटमेंट झाल्या होत्या.

"पाच वेळा कोण दाबतं अक्का?"

"आमची आई. काय व्हयना असं वाटलं की परत दाबती. तरी न्हाई झालं की जरा जोरात दाबती." एवढं बोलून ती उठली. जाताना म्हणाली, "चांगला हाय फॉर्म. रंग बरा दिलायस."

आमचं ऑफिस म्हणजे बिदरच्या मैलूर भागातल्या एका टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालक बसवराजअण्णा. घरात कानडी, आमच्याशी मराठी, गिऱ्हाईकाशी जी लागेल ती भाषा. आम्ही पाचसहा जण दवाखान्यांसाठी वेबसाइट करायचो. रुग्णानं मोबाइलवर नंबर लावायचा, रक्ताचे रिपोर्ट बघायचे, पुढची तारीख घ्यायची. ते सगळं नीट चालतंय की नाही हे तपासायचं काम प्रज्ञाअक्काचं. ती आमच्यापेक्षा पाचसहा वर्षांनीच मोठी असेल, पण तिला नावानं हाक मारायची कुणाची हिंमत नव्हती. ती सगळ्यांची अक्का होती, आणि अण्णांचीही, ते तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठे असूनही.

इथं येण्याआधी ती बिदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत औषधी गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगवर होती. गोळ्यांच्या पट्ट्या मशीनमधून निघत, त्यावर कॅमेरा असे, रिकामा कप्पा दिसला की मशीन ती पट्टी बाजूला टाकी. अक्काचं काम त्या कॅमेऱ्यावर लक्ष ठेवायचं. अण्णा तिथं नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर बसवायला गेले होते. पहिल्याच दिवशी तिनं वहीची तीन पानं भरून चुका लिहून दिल्या. अण्णांना राग आला. घरी जाऊन त्यांनी ती पानं पुन्हा वाचली, आणि दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, "आमच्याकडं येतीस का?" ही हकिकत अण्णाच सांगत, आणि प्रत्येक वेळी चुकांच्या पानांची संख्या एकानं वाढे.

कारखान्याच्या काही सवयी तिच्या अंगात राहून गेल्या होत्या. कामाला बसण्याआधी ती केस कानामागं घट्ट सारायची, जणू टोपी घालायची आहे. पांढरे बूट वापरायची आणि ते पांढरेच असायचे. ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी डब्यात असे, पण खाताना कीबोर्डपासून दोन हात लांब बसायची. घरून फोन आला की "जयभीम" म्हणून उचलायची आणि एका मिनिटाच्या आत ठेवायची. आणि तिच्यासमोर "बहुतेक" हा शब्द चालत नसे. कुणी म्हणालं, "बहुतेक चालतंय अक्का," की ती मान वर न करता म्हणायची, "बहुतेक म्हंजे तू बघितलं न्हाईस."

सुरुवातीला ती सगळं हातानं तपासायची. आम्ही एखादी नवी गोष्ट घातली की जुन्या दीडएकशे गोष्टी अजून चालतात का, हे पहिल्यापासून बघायचं. दोन दिवस जायचे. एका दुपारी ती उजव्या हाताचं बोट दुसऱ्या हातानं चोळत माझ्यापाशी आली.

"महेश, हे मशीनकडून करून घेता येत न्हाई का? तिकडं कॅमेरा होता की."

येत होतं. पुण्यात मी ते जुजबी शिकलो होतो. आपण एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा, त्याला टेस्ट म्हणतात; तो स्वतः ब्राउझर उघडतो, माणसासारखं नाव टाइप करतो, बटण दाबतो, आणि स्क्रीनवर जे दिसायला हवं ते दिसतंय का बघतो. दिसलं तर हिरवी खूण, नाही तर लाल. मी तिला दहा ओळी लिहून दाखवल्या. ब्राउझरची खिडकी आपोआप उघडली, चौकटीत अक्षरं एकामागून एक उमटली, खाली हिरवं झालं. मला वाटलं ती खूश होईल.

"आता लाल दाखव," ती म्हणाली.

"पण चालतंय की."

"ते कळलं. बिघडल्यावर ह्याला कळतंय का, ते दाखव. आमी रोज पाळी सुरू व्हायच्या आधी मुद्दाम रिकाम्या कप्प्याची पट्टी मशीनमधनं सोडायचो. कॅमेऱ्यानं ती बाहेर टाकली तरच काम सुरू. न्हाईतर तो आंधळा कॅमेरा दिवसभर सगळं चांगलंच म्हणतोय."

मी फॉर्ममध्ये मुद्दाम बिघाड केला आणि टेस्ट पुन्हा चालवली. हिरवीच आली. मी लिहिलेली टेस्ट बटण दाबत होती, पण पुढं काय दिसतंय ते बघतच नव्हती. अक्कानं वही उघडली आणि त्या दहा ओळी उतरवून घेतल्या.

चार महिन्यांत ती माझ्यापुढं गेली. इंग्रजीतले चुकांचे निरोप ती वहीत जसेच्या तसे लिहायची आणि शेजारी मराठीत अर्थ. अडलं की विचारायची, पण एकच गोष्ट दुसऱ्यांदा कधी विचारली नाही. आख्खं पान तपासायच्या आधी पानाचा एकेक तुकडा, म्हणजे एखादं बटण, तारीख निवडायची चौकट, नावांची यादी, हे सुटंसुटं तपासायला तिनंच सुरू केलं. "गोळी एकटी तपासायची, मग पट्टी, मग खोकं," ती म्हणायची. "खोकं उघडून गोळी हुडकत बसलास तर दिवस जातोय."

तिच्या टेस्टना ती मराठीत नावं द्यायची. 'गयाबाई दोनदा दाबतात, नंबर एकच लागतो.' 'गयाबाईंचं नेट मधेच जातं, भरलेलं पुसत नाही.' त्यामुळं काही बिघडलं की खोलीत कुणीतरी ओरडायचं, "गयाबाई अडल्या!" आणि ज्याच्या कोडमुळं अडल्या तो मुकाट्यानं उठून कामाला लागायचा. खऱ्या गयाबाई एकदा डोळे तपासायला बिदरला आल्या, तेव्हा अक्कानं त्यांना ऑफिसात आणलं. काटक बाई, पायांत टायरच्या चपला, कौतुकानं सगळीकडं बघत होत्या. अक्कानं त्यांच्यासमोर ब्राउझर सुरू केला. चौकटीत त्यांचं नाव आपोआप उमटलं, बटण दाबलं गेलं, परत दाबलं गेलं.

"ही कोण दाबायलीय?"

"मशीन हाय आई."

"माझ्या नावानं?" त्या जरा वेळ बघत राहिल्या. "एवढं हळू दाबत न्हाई बाई मी."

अक्कानं लगेच वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवशी टेस्टमधल्या गयाबाई पहिल्यापेक्षा भराभर बटण दाबायला लागल्या, आणि त्यातून खरोखरच एक नवी चूक सापडली.

अक्का चुकत नसे असं नाही. एकदा तारीख निवडायच्या चौकटीची टेस्ट अचानक लाल झाली. ती चौकट आमच्या इरफाननं लिहिली होती. आदल्याच दिवशी त्यानं तिच्यात थोडा बदल केला होता, त्यामुळं अक्काला शंकाच आली नाही. सगळ्यांदेखत ती त्याला म्हणाली, "हात लावायच्या आधी विचारायला काय व्हतंय तुला? चालतं ते बिघडवून ठेवलास." कामाची गाडी दोन दिवस थांबली. इरफान मितभाषी. त्यानं दोन दिवस आपला कोड चाळला आणि तिसऱ्या दिवशी अक्काची टेस्ट उघडली. तिनं त्यात एक ठरावीक तारीख लिहून ठेवली होती. ती तारीख तीन दिवसांपूर्वी उलटून गेली होती, आणि होऊन गेलेल्या दिवसाची अपॉइंटमेंट इरफानची चौकट घेत नव्हती. म्हणजे ती अगदी बरोबर वागत होती.

अक्कानं ते वाचलं. तिचा चेहरा उतरला. जेवायच्या वेळी सगळे डबे उघडून बसलो तेव्हा ती उभी राहिली. "इरफान, चूक माझी. परवा समद्यांपुढं बोलले म्हणून आज समद्यांपुढं सांगायलेय." इरफान लाजून "छोडो ना अक्का" म्हणत राहिला. ती सोडणारी नव्हती. पुढचा आठवडाभर ती आपल्या जुन्या टेस्ट एकेक करून उघडत होती आणि आणखी कुठं अशी तारीख दडली आहे का ते शोधत होती. सापडल्या चार.

आता जे सांगायचं आहे त्यात चूक माझी आहे.

कलबुर्गीच्या एका मोठ्या खासगी दवाखान्याचं काम आम्हाला मिळालं होतं. खेड्यातल्या घरात फोन एकच असतो, म्हणून एका फोनवर घरातल्या सगळ्यांचे रिपोर्ट दिसतील अशी सोय आम्ही केली होती. नावांच्या यादीतलं एक नाव दाबायचं, की त्या माणसाचा रिपोर्ट खाली येतो. सोमवारी ते सुरू होणार होतं. दवाखान्यात भिंतीवर तसे कागदसुद्धा लागले होते.

त्याच्या पाचसहा दिवस आधी या यादीची एक टेस्ट अधूनमधून लाल व्हायला लागली. परत चालवली की हिरवी. दहा वेळा चालवली तर नऊ वेळा हिरवी, एकदा लाल. अशा टेस्ट त्रास देतात. बऱ्याचदा दोष ब्राउझर उघडायला लागणाऱ्या वेळाचा असतो, कामाचा नसतो. मी तसंच धरून चाललो. कामं डोक्यावर होती. टेस्टच्या आधी एक शब्द लिहिला, म्हणजे ती चालणारच नाही, आणि शेजारी टीप टाकली, 'नंतर बघू'.

शनिवारी सकाळी अक्का आली, केस मागं सारले, टेस्टची यादी उघडली. सगळं हिरवं होतं. ती तरी बघत राहिली.

"काल हितं एकशे बारा व्हते. आज एकशे अकरा चाललेत. कोण कमी झालं?"

आमच्यापैकी कुणीही तो आकडा कधी वाचलेला नव्हता. ती रोज वाचत होती. मी सांगितलं, "अक्का, मी एक बंद केलीय. उगंच पडती ती. दहातनं नऊदा हिरवी हाय."

"आन् दहाव्यांदा?"

"बहुतेक मशीन हळू चालत असेल." शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय म्हणालो ते.

ती रागावली नाही. माझ्या शेजारी येऊन बसली. "चल, बघू." तिनं टेस्ट परत सुरू केली. मग ब्राउझरमध्ये नेट मुद्दाम मंद केलं, औरादच्या पलीकडं खेड्यांत मिळतं तेवढं. मग हातानंच यादीतलं गयाबाईंचं नाव दाबलं आणि लगेच, रिपोर्ट यायच्या आत, स्वतःचं नाव दाबलं. वर 'प्रज्ञा' आलं. खाली प्रज्ञाचा रिपोर्ट आला. आम्ही दोघं बघत होतो. दोन सेकंदांनी खालचे आकडे बदलले. वर नाव प्रज्ञाचंच होतं आणि खाली गयाबाईंच्या रक्ताचा रिपोर्ट होता.

कारण साधं होतं. पहिल्या नावाचा रिपोर्ट मंद नेटमुळं मागाहून पोचत होता आणि आता दुसरं नाव उघडलंय हे न बघता येऊन बसत होता. तो भाग मीच लिहिला होता. आईच्या साखरेचा आकडा लेकीच्या नावाखाली, किंवा उलट. कुणीतरी तो फोन डॉक्टरला दाखवणार, कुणीतरी त्यावरून गोळी कमी नाहीतर जास्त घेणार.

"चार दिस वरडायलंय बघ ते," अक्का हळूच म्हणाली.

दुरुस्ती तासाभरात झाली. पण तो तुकडा बाकीच्या पाच पानांवरही वापरला होता, आणि ती सगळी पानं मंद नेटवर पुन्हा बघायला अक्काला आठ दिवस हवे होते. अण्णांना आम्ही दोघांनी सांगितलं. ते बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिले.

"दुरुस्त झालंय की. सोमवारी दाखवू, सुरू करू, मागून तपास तू. बोलायचं कामून?"

"अण्णा, बाकीची पानं मी बघितली न्हाईत. न बघता चांगलं हाय म्हणून मी सांगणार न्हाई. आन् तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं तर खरं सांगणार."

"काम जाईल अक्का."

"जाऊ द्या असं मी म्हणायले का? पण मी सांगणार."

"आयतु," अण्णा म्हणाले. बरं, ठीक. त्या एका कानडी शब्दात इतका राग मी कधी ऐकला नव्हता.

सोमवारी हुमनाबादवरून आम्ही तिघं कलबुर्गीला गेलो. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर मोठ्या टेबलाभोवती सातआठ डॉक्टर होते, मध्ये पांढऱ्या केसांच्या मुख्य डॉक्टरबाई. अण्णांनी सुरुवात केली, सगळं छान चालू होतं. डॉक्टरबाईंनी सहज कानडीत विचारलं, "मग आजपासून सुरू करायला हरकत नाही ना?"

अण्णांनी खाली बघितलं. अक्का उभी राहिली. तिचं कानडी आमच्या सगळ्यांत साधं, बाजारात बोलतात तसं. त्याच भाषेत ती म्हणाली की हरकत आहे. लॅपटॉपवर शनिवारचं जुनं पान उघडून तिनं दोन नावं लागोपाठ दाबली आणि सगळ्यांसमोर रिपोर्ट बदलू दिला. एका तरुण डॉक्टरच्या तोंडून "अरे देवा" निघालं. मग तिनं आता काय दुरुस्त केलंय आणि काय बघायचं राहिलंय ते सांगितलं. टेस्ट कुणी बंद केली होती, याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. तिच्या त्या गप्प राहण्यामुळंच मला बसवेना.

"डॉक्टर, ती तपासणी मी बंद केली होती," मी उभा राहून म्हणालो. "अक्काच्या लक्षात आलं."

डॉक्टरबाई माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं वाटलं असतं. भिंतीवरचे कागद काढायला सांगितले आणि आम्हाला महिन्यानं यायला सांगितलं. त्यांच्या ओळखीतून दुसऱ्या एका दवाखान्याचं काम मिळणार होतं, ते मात्र गेलं ते गेलंच.

परतताना हुमनाबादला गाडी थांबली. अण्णा उतरले, टपरीवर गेले. मला वाटलं रागानं लांब जाऊन उभे राहतील. ते दोन्ही हातांत पेले घेऊन परत आले, एक अक्काच्या खिडकीतून आत दिला, आणि आपला चहा प्यायला लागले. अक्कानं पेला घेतला. तो तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि चहा निवेपर्यंत तसाच धरून बसली. दिवसभर ती घाबरलेली होती हे मला तेव्हा कळलं.

महिन्यानं आम्ही गेलो. काम सुरू झालं, ते आजही चालू आहे. डॉक्टरबाईंनी पत्र लिहून एक अट घातली. यापुढं कुठलाही बदल करताना खाली प्रज्ञाची सही हवी. अण्णा ते पत्र गिऱ्हाइकांना दाखवायला लागले, आणि अक्कानं ते कितीदा तरी कपाटात लपवून ठेवलं.

मला ती त्या प्रकाराबद्दल परत कधीही बोलली नाही. फक्त एक झालं. नवं काही लिहिलं की मी तिच्याकडं जाण्याआधी स्वतःच ते मोडून बघायला लागलो. मोडलं की वाईट वाटायचं बंद झालं.

दोन वर्षांनी बेंगळुरूच्या एका कंपनीनं तिला बोलावलं. अण्णांनी जा म्हणून सांगितलं, आणि पुढचे दोन दिवस ते कुणाशी नीट बोलले नाहीत. तिच्या जाण्याआधीच्या आठवड्यात मी माझ्या वडिलांना, अप्पांना, डोळ्यांसाठी कलबुर्गीच्या त्याच दवाखान्यात घेऊन गेलो होतो. अक्का त्या दिवशी रजेवर होती. सामान आवरत असेल असं मी धरलं होतं.

खालच्या दालनात लाकडी बाकांवर गर्दी होती. कोपऱ्यातल्या बाकावर ती दिसली. शेजारी धोतर नेसलेला एक म्हातारा, तिच्या ओळखीचा वाटत नव्हता, हातात काच तडकलेला मोबाइल. पुढची तारीख घ्यायचं आमचंच पान उघडलेलं होतं. तो बोट स्क्रीनवर नेत होता, मागं घेत होता, पुन्हा नेत होता. मध्येच त्यानं कानडीत विचारलं, "बाई, आता कुठं दाबू?"

"तुम्हाला कुठं दाबावं वाटतंय?"

त्यानं फोन तिच्याकडं सरकवला. तिनं घेतला नाही. मी जरा पुढं सरकलो तेव्हा दिसलं, तिनं आपले दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून धरले होते. म्हातारा पुटपुटत एकेक अक्षर लावत होता आणि ती श्वास रोखून त्याच्या बोटाकडं बघत होती. कितीतरी वेळ गेला. आतून अप्पांचं नाव पुकारलं. मी वळता वळता बघितलं, म्हाताऱ्यानं बोट टेकवलं, फोन डोळ्यांपाशी नेला आणि मोठ्यानं वाचलं, "शुक्रवार."

अक्कानं हात मोकळे केले. ते तिनं डोळ्यांना लावले.